हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज वाढवायचंय? सुरुवात उजव्या पायापासून करा

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी हातात आली की पहिले काही दिवस एकच नाद लागतो. इंजिन सुरूच होऊ द्यायचं नाही! डॅशबोर्डवरची ‘ईव्ही’ची (गाडी नुसत्या विजेवर चाललीय हे सांगणारी) हिरवी खूण विझू नये म्हणून मी ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवून चालवायचे. मागच्या गाड्या खोळंबायच्या, आणि मोठ्या सिग्नलला पोचेपर्यंत बॅटरीच्या दोनच कांड्या उरायच्या. मग गाडी जागच्या जागी उभी असताना इंजिन सुरू व्हायचं आणि सिग्नल सुटेपर्यंत बॅटरी भरत बसायचं. पहिली टाकी संपल्यावर हिशेब केला, तर ॲव्हरेज अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं.

चूक कुठे होत होती ते नंतर कळलं. ज्या हायब्रिडला प्लग लावून चार्ज करता येत नाही, तिच्यात वीज बाहेरून येतच नाही. बॅटरीत जे काही साठतं ते शेवटी टाकीतल्या पेट्रोलमधूनच आलेलं असतं. एक तर इंजिनाने ते थेट भरलेलं असतं, नाहीतर इंजिनाने कमावलेला वेग ब्रेक लावताना थोडाफार परत मिळालेला असतो. इंजिनातून जनरेटर, जनरेटरमधून बॅटरी, बॅटरीतून मोटर आणि मोटरमधून चाकं, अशा या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर गळती होते. म्हणून विजेवर किती किलोमीटर गेलो याच्या मागे लागू नका. इंजिन चालू आहे तोवर त्याच्याकडून भरपूर काम करून घ्या, काम संपलं की त्याला बंद पडू द्या, आणि कमावलेला वेग वाया घालवू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत. त्या एकदम अंगवळणी पडत नाहीत. आठवड्याला एक सवय धरलीत तरी पुरे.

पायरी १: आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे ते बघा

‘हायब्रिड’ या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या गाड्या येतात. माइल्ड हायब्रिडमधली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण सहसा एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रिड इंजिन बंद ठेवूनही काही अंतर जाते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी मोठी असते आणि ती घरी चार्ज करता येते. तिचा हिशेबच वेगळा, कारण तिथे वीज खरोखर बाहेरून येते.

हा लेख मुख्यतः स्ट्राँग हायब्रिडसाठी आहे. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली, तेव्हापासून त्या घराण्यातल्या गाड्यांत इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअरने (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाकं फिरतात अशा गिअरने) जोडलेल्या असतात. होंडाच्या ई:एचईव्ही गाड्यांत शहरात इंजिन बहुतेक वेळ जनरेटर फिरवतं आणि मोटर चाकं ओढते. हायवेच्या वेगाला मात्र क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. चालवण्याच्या सवयी दोन्हीकडे जवळपास सारख्याच लागतात.

पायरी २: आधी मोजा, मग बदला

टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, आणि पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना जेवढे लिटर बसतील त्याने किलोमीटरला भागा. नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं, वरून आणखी दाबून भरायचं नाही. नाहीतर दर वेळी वेगळा आकडा येतो. डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज अनेक गाड्यांत थोडं जास्तच दिसतं, पण आजच्या फेरीची कालच्या फेरीशी तुलना करायला ते चांगलं.

पहिल्या दोन टाक्या नेहमीसारखीच गाडी चालवा. तुमचा मूळ आकडा ठरल्याशिवाय सुधारणा झाली की नाही हे कळणारच नाही.

पायरी ३: मीटर वाचायला शिका

हायब्रिडच्या डॅशबोर्डवर बहुधा एक पट्टी किंवा काटा असतो आणि त्याचे तीन भाग असतात: चार्ज, इको आणि पॉवर. काही गाड्यांत इको भागाच्या मधोमध एक रेघही असते. त्या रेघेच्या अलीकडे इंजिन बंद राहण्याची शक्यता जास्त, पलीकडे गेलात की ते सुरू होतं. शेजारी एनर्जी मॉनिटर असेल, तर इंजिन, बॅटरी आणि चाकं यांच्यात कुठून कुठे ऊर्जा जातेय ते बाणांनी दिसतं.

पहिला आठवडा फक्त हे बघण्यात घालवा, तेही ओझरतं. नजर रस्त्यावरच हवी. कुणाला शेजारी बसवून ‘आत्ता इंजिन लागलं’, ‘आत्ता बंद झालं’ असं सांगायला लावलंत तर पाय आणि कान फार लवकर तयार होतात.

पायरी ४: थंड इंजिनाला वेळ द्या, पण उभं राहून नाही

सकाळी बटण दाबल्यावर थोड्याच वेळात इंजिन आपणहून सुरू होतं आणि बॅटरी भरलेली असली तरी बंद होत नाही. यात बिघाड काही नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनाचं पाणी गरम व्हावं लागतं, त्याशिवाय गाडी इंजिनाला मनासारखं बंद-चालू करत नाही.

म्हणून पार्किंगमध्ये इंजिन गरम करत उभं राहू नका. सीट, आरसे, मॅपवरचा रस्ता, हे सगळं आधी लावून घ्या, मग बटण दाबा आणि हलक्या पायाने निघा. पहिली काही मिनिटं ॲव्हरेज वाईटच दिसेल, ते मनावर घेऊ नका. दोन-दोन किलोमीटरच्या सुट्या फेऱ्यांमध्ये हायब्रिडचा फायदा बराचसा या गरम होण्यातच जातो. चार कामं असतील तर एकाच फेरीत उरका, आणि जमलं तर सर्वांत लांबचं काम आधी करा. इंजिन एकदा पूर्ण तापलं की परतीच्या वाटेवरचे जवळजवळचे थांबे स्वस्तात होतात.

पायरी ५: वेग घेताना संकोच करू नका

नवीन माणसाला ही पायरी पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ‘हळू उचला, पेट्रोल वाचेल’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं. हायब्रिडमध्ये फार हळू उचलणंही महागात पडतं.

बहुतेक हायब्रिडचं पेट्रोल इंजिन ॲटकिन्सन पद्धतीने चालतं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये हवा आत घेणारी झडप) उशिरा बंद होतो, त्यामुळे मिश्रण जेवढं दाबलं जातं त्यापेक्षा जळल्यावर ते जास्त फैलावतं आणि त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. पण असं इंजिन मध्यम ओझ्याखाली खुलतं. नुसतं गुरगुरत ठेवलंत तर पेट्रोल जळतं आणि त्या मानाने काम कमी होतं. उलट पाय पूर्ण दाबून पट्टी पॉवरमध्ये नेलीत तर इंजिन ओरडतं, बॅटरीही जोरात रिकामी होते, आणि पुढे ती भरायला पुन्हा इंजिनच लागतं.

सिग्नल सुटला की पहिले काही मीटर मोटरवर जाऊ द्या. मग पाय ठामपणे खाली न्या, इंजिन सुरू होऊ द्या, आणि पट्टी इकोच्या वरच्या अर्ध्या भागात धरून हव्या त्या वेगाला पोचा. हे सगळं मागच्या गाडीला अडचण न होता, रहदारीच्या लयीतच होतं. पोचलात की लगेच पुढची पायरी.

पायरी ६: पाय उचलायला शिका

समजा तुम्हाला ५५ च्या वेगाने जायचंय. ५५ ला पोचल्यावर पाय तसाच ठेवलात तर इंजिन चालूच राहतं, कारण गाडीला वाटतं तुम्हाला अजून जोर हवाय. इथे पाय क्षणभर पूर्ण उचला. इंजिनाचा आवाज थांबेल, बाण चाकांकडून बॅटरीकडे वळेल. आता पाय परत अगदी हलका टेकवा, एखादा कागद दाबून धरावा इतकाच. गाडी तोच वेग जवळपास राखते आणि इंजिन मात्र बंद असतं. हे एक ‘उचल-टेकव’ नीट जमलं की शहरातलं ॲव्हरेज पहिल्यांदा डोळ्यांना दिसेल इतकं बदलतं. माझ्या बाबतीत तरी एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच सवयीने पडला नाही.

त्यापुढचं कौशल्य म्हणजे गाडीला घरंगळू देणं. पाय पूर्ण उचलला की गाडी मोटरचा हलका ब्रेक लावून बॅटरी भरू लागते. पुढे रस्ता मोकळा असेल तर हे भरणंही नको असतं, कारण वेगाची वीज आणि विजेचा पुन्हा वेग करताना दोन्हीकडे गळती होते. पाय अगदी किंचित खाली घेत असा बिंदू शोधा, जिथे मॉनिटरवर एकही बाण दिसत नाही. ना बॅटरी भरतेय, ना रिकामी होतेय. गाडी आपल्याच वेगावर चाललीय. आधीच कमावलेला वेग वापरण्याचा यापेक्षा काटकसरीचा मार्ग नाही. पुढे थांबायचंच आहे हे दिसलं की मात्र पाय पूर्ण उचला आणि बॅटरी भरू द्या.

थोडा वेग घ्यायचा, मग घरंगळायचं, पुन्हा वेग घ्यायचा, याला ‘पल्स अँड ग्लाइड’ म्हणतात. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेगाला ते जमतं. मागे गाड्या असताना ते करू नका; तुमचा कमी-जास्त होणारा वेग इतरांना धोक्याचा आणि त्रासाचा.

घरंगळण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये मात्र कधीही टाकू नका. न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही, आणि मोटरचा ब्रेकही हाताशी राहत नाही.

पायरी ७: ब्रेक लवकर, हलका आणि लांब

ब्रेक पेडल हलकं दाबलं की आधी मोटर जनरेटर होते आणि गाडीचा वेग विजेत बदलते. जोरात दाबलं की मोटरला तेवढं झेपत नाही, उरलेलं काम ब्रेक पॅड करतात, आणि त्यांनी घेतलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. अगदी कमी वेगाला, थांबायच्या शेवटच्या काही मीटरला, तर बहुतेक गाड्यांत पॅडच काम करतात.

आकडे बघितले की हे जास्त पटतं. माणसांसकट १४०० किलोची गाडी ६० च्या वेगाने चाललीय, तर तिच्या वेगात सुमारे ५४ वॅट-तास ऊर्जा असते. तेवढा वेग शून्यातून कमवायला इंजिनाला साधारण १५ ते २० मिलिलिटर पेट्रोल जाळावं लागतं. कचकन ब्रेक मारलात की त्यातलं बरंचसं पॅडमध्ये जातं. आता ६० वरून ३० वर या: वेग निम्मा झाला, पण ऊर्जेचा पाऊण हिस्सा इथेच सुटला, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते. म्हणजे परत मिळवण्यासारखं जे काही आहे ते मुख्यतः ब्रेकिंगच्या सुरुवातीलाच असतं. आणि नेमकं तिथेच आपण उशीर करतो, सिग्नलच्या तोंडाशी जाऊन ब्रेक मारतो.

म्हणून नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर खिळवू नका, त्याच्या पलीकडे बघा. दूरवर लाल दिवा दिसला की पाय उचला, थोडं घरंगळा, मग पट्टी चार्ज भागाच्या टोकाला न टेकवता हलका ब्रेक लांबवर धरा. कितीतरी वेळा तुम्ही पोचेपर्यंत दिवा हिरवा होतो आणि तुम्ही २०-२५ च्या वेगानेच पुढे निघता. पूर्ण न थांबता निघणं ही सगळ्यात मोठी बचत. त्यासाठी पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर हवं, आणि तसंही ते हवंच.

काही गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पॅडलने पाय उचलल्यावरचा ब्रेक कमी-जास्त करता येतो. गर्दीत तो वाढवा, मोकळ्या रस्त्यावर कमी ठेवा.

अचानक कुणी आडवं आलं, तर हे सगळं विसरून ब्रेक पूर्ण दाबायचा. ॲव्हरेजसाठी ब्रेक लांबवण्याची सवय अशा क्षणी आड येता कामा नये.

पायरी ८: मुंगीच्या पावलाने चालणारी रहदारी

अशा रहदारीत हायब्रिड सगळ्यात जास्त फायदा देते, पण बॅटरी संपली की फायदाही संपतो. पुढची गाडी दोन मीटर सरकली की आपणही दोन मीटर सरकायचं, हे टाळा. थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदाच सलग पुढे जा. थांबल्यावर गिअर ‘डी’मध्येच ठेवा आणि ब्रेक नीट दाबून धरा. अर्धवट दाबलात तर काही गाड्यांत मोटर उगीच पुढे रेटत राहते आणि वीज खाते. बॅटरी खाली येऊन इंजिन लागलं तर लागू द्या, त्याच संधीत पुढे जाताना थोडा जोर घ्या. गाडीत ‘ईव्ही’ बटण असेल तर ते पार्किंगमधून गाडी हलवण्यापुरतं ठीक. रस्त्यावर ते दाबून बॅटरी रिकामी केलीत तर भरपाई पेट्रोलच करतं.

पायरी ९: हायवे

हायवेवर हायब्रिडचा बडेजाव कमी होतो. ब्रेक फारसे लागत नाहीत, म्हणून परत मिळवायलाही काही नसतं, आणि इंजिन बराच वेळ चालूच राहतं. इथे ॲव्हरेज ठरवते ती हवा. ८० वरून १०० वर गेलात की वेग सव्वापट होतो, हवेचा विरोध मात्र दीडपटीहून जास्त. १०० वरून १२० ला तो आणखी ४४ टक्क्यांनी वाढतो. टपावरचं रिकामं कॅरिअर असेल तर काढून ठेवा. काचा या वेगाला बंदच बऱ्या.

सपाट रस्त्यावर क्रूझ कंट्रोल छान काम करतं. चढ-उतारांच्या रस्त्यावर ते दर चढाला वेग टिकवण्यासाठी जोर लावतं, तेव्हा तिथे आपला पायच बरा: चढावर वेग थोडा पडू द्या, उतारावर परत मिळवा.

पायरी १०: घाट

चढताना बॅटरी वाचवायचा प्रयत्न करू नका. इंजिन आणि मोटर मिळून जे करायचं ते गाडी करते. तुम्ही पाय एकसारखा ठेवा.

उतरताना मोटर ब्रेक लावते आणि बॅटरी भरू लागते. पण बॅटरी लहान असते. अनेक स्ट्राँग हायब्रिडमध्ये ती एक-दीड किलोवॅट-तासाच्या आसपास असते, आणि टिकाव धरावा म्हणून गाडी त्यातला मधलाच भाग वापरते. तीच १४०० किलोची गाडी १०० मीटर उंची उतरली की जवळपास ०.३८ किलोवॅट-तास ऊर्जा सुटते. काही भाग हवा आणि टायर खातात, तरी दोन-तीनशे मीटर उतरल्यावर कांड्या काठोकाठ भरलेल्या दिसतात. त्यानंतर इंजिन अचानक मोठ्याने फिरायला लागतं आणि नवीन माणूस घाबरतो. त्या वेळी ते पेट्रोल जाळत नसतं. जागा नसलेली ऊर्जा संपवायला गाडी त्याला नुसतं फिरवत असते. लांब, तीव्र उतारावर गिअर ‘बी’मध्ये घ्या, तो ब्रेक तापू नयेत म्हणूनच दिलाय. सपाट रस्त्यावर मात्र ‘बी’ लावून जास्त वीज मिळेल असं समजू नका.

पायरी ११: एसी आणि हीटर

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा आणि आतलीच हवा फिरती ठेवा. स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर सहसा विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो, पण बॅटरी उतरत असते. ॲव्हरेजसाठी कडक उन्हाळ्यात एसी अजिबातच बंद ठेवणं मला पटत नाही. पुष्कळ गाड्यांत मुख्य बॅटरी केबिनमधलीच हवा घेऊन गार होते. तुम्ही घामाघूम असाल तर तीही तापलेली असते.

हीटरचं उलट आहे. त्याची ऊब बहुधा इंजिनाच्या गरम पाण्यातून येते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत हीटर पूर्ण लावलात की गाडी उभी असतानाही इंजिन चालू राहतं. निघाल्यानंतर थोड्या वेळाने आणि बेतानेच लावा. सीट गरम करायची सोय असेल तर ती जास्त स्वस्त.

पायरी १२: ॲव्हरेज अचानक पडलं तर

आधी टायरची हवा बघा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब गाडी थंड असताना मोजायचा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, म्हणून थंडी सुरू होताना हमखास ॲव्हरेज घसरतं. नवीन टायर टाकल्यावर फरक पडला असेल तर तो टायरचाच असू शकतो. पुढच्या वेळी कमी रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे फिरताना कमी विरोध करणारे घ्या. सपाट रस्त्यावर गाडी लवकर मंदावत असेल किंवा एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंट (चाकांची सरळ रेष) आणि अडकलेला ब्रेक तपासून घ्या. हायब्रिडचे पॅड कमी वापरले जातात, त्यामुळे डिस्क गंजते आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) चिकटतो. मागे कुणी नसताना अधूनमधून एखादा ठाम ब्रेक मारलेला बरा. इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घाला. हायब्रिडमध्ये ते बहुधा पातळ असतं, आणि ‘जाड घाला, इंजिन टिकेल’ हा सल्ला इथे लागू होत नाही.

शेवटी मागच्या सीटच्या आसपासची छोटी जाळी शोधा. पुष्कळ गाड्यांत बॅटरीला गार करणारा पंखा तिथूनच हवा ओढतो. त्यावर पिशवी, उशी किंवा चादर पडलेली असेल, किंवा आतला फिल्टर केसांनी आणि धुळीने भरला असेल, तर बॅटरी तापते, गाडी तिचा वापर आवरता घेते आणि इंजिन जास्त वेळ चालवते. काही मॉडेलमध्ये जाळीचं झाकण हाताने निघतं. फिल्टर व्हॅक्यूमने साफ करून परत बसवायला दहा मिनिटंही लागत नाहीत.